सरकारमान्य रसिक

नाटक नीट वाचणारा माणूस मराठीत उरला नाही, अशी तक्रार दर नाट्यसंमेलनाच्या मांडवात होते. ती साफ खोटी आहे. असा वाचक आहे. तो संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. कंसातल्या रंगसूचना सोडत नाही. दोन ओळींच्या मधली कोरी जागासुद्धा वाचतो, आणि तिथं काही सापडलं नाही तर पदरचं घालून ती भरून काढतो. समीक्षक भेट मिळालेली प्रत उशाला घेऊन झोपतात. हा मात्र नाटक वाचल्यापासून झोपत नाही. दोष एवढाच की हा वाचक सरकारी नोकरीत असतो, त्यामुळे त्याला शालश्रीफळ कुणी देत नाही. आजचं सदर त्याच्या नावे.

या रसिकाशी माझी पहिली गाठ सातवीत पडली. स्नेहसंमेलनात आम्ही एक नाटुकलं बसवत होतो. त्यातला राजा भर दरबारात झोपायचा. यात राजकारण काही नव्हतं. राजाचं काम ज्याला दिलं होतं त्याला एकही वाक्य पाठ होईना, म्हणून आमच्या बाईंनी त्याला झोपवून टाकलं होतं. रंगीत तालमीला मुख्याध्यापक आले. पहिला प्रवेश झाला आणि ते उभे राहून म्हणाले, "हे माझ्यावर आहे का?"

आम्ही गारच पडलो. सर दुपारच्या सुट्टीनंतर खुर्चीत डुलक्या काढतात हे पोरासोरांना ठाऊक होतं, पण ते सर आणि हा राजा यांची सांगड घालायची अक्कल आमच्यात नव्हती. ती सरांनीच घालून दिली. नाटुकलं रद्द झालं. त्या दिवसापासून सर निवृत्त होईपर्यंत सारा गाव त्यांना पाठीमागे 'महाराज' म्हणत असे. 'खाई त्याला खवखवे' ही म्हण तोवर मला अळूच्या फतफत्याविषयी आहे असंच वाटत होतं.

नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धन नावाचे थोर पंडित होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की शब्दाचा सरळ अर्थ हा काव्याचा देह. त्यातून जो न बोललेला अर्थ उमटतो, तो ध्वनी, आणि तोच काव्याचा आत्मा. पण तो ऐकू यायला वाचक 'सहृदय' हवा. आपल्या विद्यापीठांतून हा सिद्धान्त हजारो पोरांनी पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरून टाकला. तो जिवंत ठेवला गृहखात्याने. एखादी ओळ ऐकून "याचा खरा अर्थ काय?" असं मध्यरात्री दार वाजवून विचारणारा सहृदय दुसरीकडे कुठं भेटतो?

या सरकारमान्य रसिकांच्या घराण्याचा मूळ पुरुष कलकत्त्याचा. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडचे युवराज, पुढे सातवे एडवर्ड झाले ते, कलकत्त्यात होते. भवानीपूरचे एक सरकारी वकील, जगदानंद मुखर्जी, यांनी युवराजांना घरी बोलावलं आणि थेट माजघरात नेलं. घरातल्या बायकांनी शंख फुंकून स्वागत केलं. परक्या पुरुषाला अंतःपुरात नेल्याबद्दल सारं शहर पेटलं, आणि ग्रेट नॅशनल थिएटरने दीड महिन्यात प्रहसन आणलं: 'गजदानंद ओ युवराज'. जगदानंदाचा गजदानंद. दोन अक्षरांची अदलाबदल, बाकी खर्च काही नाही.

पोलिसांनी खेळ बंद केला. कंपनीने तोच माल 'हनुमानचरित्र' म्हणून पुन्हा लावला. आता तुम्ही-आम्ही असतो तर पाटी वाचून चपला बाहेर काढल्या असत्या आणि हात जोडून आत गेलो असतो. पोलीस फसले नाहीत. हनुमानाच्या शेपटीला सरकारी वकील बांधलेला आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि तोही खेळ बंद केला. तरी पोरं ऐकेनात, तेव्हा व्हॉइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूमच काढला. तारीख होती २९ फेब्रुवारी. चार वर्षांतून एकदा उगवणारा दिवस एका प्रहसनावर खर्ची पडला.

दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, कंपनीने नवं प्रहसन लावलं: 'द पोलीस ऑफ पिग अँड शीप'. पोलीस कमिशनरचं नाव होतं सर स्टुअर्ट हॉग. हॉग म्हणजे डुक्कर. सुपरिंटेंडंटचं नाव होतं लँब. लँब म्हणजे कोकरू. आडनावं त्यांच्या वाडवडिलांनी ठेवलेली. नाटककंपनीने फक्त भाषांतर केलं. (कलकत्त्याचं न्यू मार्केट पुढे याच साहेबांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. 'हॉग मार्केट' वाचून तिथं कोण काय मागायला जात असेल, देव जाणे.)

४ मार्चला पोलिसांनी कंपनीच्या मंडळींना पकडलं. इथं या रसिकाची खरी तैलबुद्धी दिसते. पकडलं ते डुकराबद्दल नव्हे. 'सुरेंद्र-विनोदिनी' नावाचं भलतंच एक नाटक अश्लील आहे, म्हणून पकडलं. कारण उघड आहे. डुकराबद्दल खटला भरायचा तर कमिशनरसाहेबांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं, आणि समोरच्या वकिलाने शपथेवर विचारलं असतं, "साहेब, ते डुक्कर आपणच, हे आपण कशावरून ओळखलंत?" कंपनीतल्या उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांना महिन्या-महिन्याची शिक्षा झाली आणि हायकोर्टाने ती रद्द केली. पण युक्ती टिकली. खवखव एका जागी आणि अश्लीलतेचं मलम दुसऱ्या जागी, हा सरकारी उपचार तेव्हापासून चालत आला आहे.

हायकोर्टात तोंड पोळल्यावर सरकारने वटहुकमाचा पक्का कायदा केला. १६ डिसेंबर १८७६, नाट्यप्रयोग कायदा. नाटक बदनामीकारक असेल, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारं असेल किंवा प्रेक्षकांना बिघडवणारं असेल, तर बंद. बंदी मोडून जो नट काम करील त्याला तीन महिने, आणि जो जाणूनबुजून बघत बसेल त्यालाही तीन महिने. पडदे आणि कपडेसुद्धा जप्त. जगात नाटक पडलं की प्रेक्षक पैसे परत मागतात. या कायद्याने प्रेक्षकाला नटांच्या पंक्तीला बसवलं, हा रंगभूमीचा केवढा सन्मान! शेवटचं कलम तर बहारीचं आहे. धार्मिक उत्सवांतल्या जात्रा आणि त्या जातीचे खेळ यांना हा कायदा लागू नाही. देवादिकांच्या गोष्टीत सरकारला लागेल असं काय असणार, असं कुणा भोळ्या साहेबाला वाटलं असावं.

त्या साहेबाने विराटपर्व वाचलं नव्हतं. ते वाचलं होतं 'केसरी'तल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने त्यांचं 'कीचकवध' रंगमंचावर आणलं. गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकलेली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी चाकरीला. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते. कीचक हा राणी सुदेष्णेचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. म्हणजे राजाचा मेहुणा. (सत्तेतले मेहुणे हा विषय एका सदरात मावणारा नाही, तो पुढे कधीतरी.) कीचक सैरंध्रीच्या मागे लागतो, भर दरबारात तिला लाथ मारतो, विराट मान खाली घालतो, धर्मराज 'थोडं सबुरीनं' म्हणतो, आणि मुदपाकखान्यात आचारी होऊन राहिलेला भीम त्या मेहुण्याचा निकाल लावतो. यात 'लॉर्ड' हा शब्द नाही, 'व्हॉइसरॉय' नाही, 'बंगाल' नाही. शिवाय ज्यांच्यावर म्हणून बोट ठेवलं गेलं, ते बंगालची फाळणी करणारे व्हॉइसरॉय कर्झनसाहेब १९०५ सालीच घरी परत गेले होते.

तीन वर्षं नाटक गावोगाव झालं. थिएटरात कीचक मरत होता आणि लोक टाळ्या पिटून घरी जात होते. मग १९१० च्या जानेवारीत सरकारमान्य रसिकांनी आपला अभिप्राय दिला: नाटकावर बंदी. लंडनच्या 'टाइम्स'ने तर नाटकाचा अर्थच फोडून सांगितला, आणि त्याच पत्राचे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच साली 'इंडियन अनरेस्ट' या आपल्या पुस्तकात 'कीचकवधा'ची सविस्तर दखल घेतली. शालेय परीक्षेत 'जोड्या लावा' असा प्रश्न असतो ना, तशा जोड्या लावून झाल्या होत्या. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन. द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान. युधिष्ठिर म्हणजे मवाळ. भीम म्हणजे जहाल. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला, कारण बृहन्नडा होऊन नाच शिकवणारा अर्जुन कोण, ते साहेबांनी सोडूनच दिलं. नकुल घोडे सांभाळत होता, सहदेव गाई राखत होता, त्यांचंही काही कळलं नाही.

आता गंमत पाहा. साताऱ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याने हे नाटक पाहिलं असेल, तर त्याला कीचक म्हणजे कीचक एवढंच दिसलं असेल. फार तर गावचा एखादा मातलेला पाटील आठवला असेल. सरकारने त्याला गाठून सांगितलं, "अरे वेड्या, तो आमचा लाटसाहेब!" एका माजी व्हॉइसरॉयने बाई मागितली, बाईला लाथ मारली आणि तो आचाऱ्याच्या हातून मेला, या आरोपाला सरकारी दुजोरा मिळाला तो असा. खाडिलकरांनी आयुष्यभर इन्कार केला असता तरी आता उपयोग नव्हता.

आणि काळ कोणता? महिनाभरच आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्या रात्री साहेब बघायला आले होते ते देवलांचं 'शारदा'. म्हाताऱ्याला पोरसवदा नवरी करून द्यायच्या चालीवरचं नाटक. सरकार इतकं घाबरलेलं असताना बंदी 'शारदा'वर आली नाही, याचं श्रेय द्यायलाच हवं. म्हातारे नवरदेव सरकारी नोकरीत असले तरी त्यांनी 'तो मीच' म्हणून हात वर केला नाही. त्यांना खवखवलं नाही, की खवखवूनही गिळता आलं, हे सांगणं अवघड आहे.

गिळणारा राजा क्वचित निघतो. १८३६ साली पीटर्सबर्गला गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा झार निकोलस स्वतः हजर होता. नाटकात गावचा मुख्याधिकारी, न्यायाधीश, शाळा-तपासनीस, पोस्टमास्तर, झाडून सगळे लाचखाऊ. म्हणतात की झार पोट धरून हसला आणि बाहेर पडताना म्हणाला की सगळ्यांना चपराक बसली, सगळ्यांत जास्त मला. राजा हसला म्हटल्यावर दरबाराला हसावंच लागलं. पुलंनी याच नाटकाचा 'अंमलदार' केला, तो आपल्याकडे सुखाने पचला. आपले अंमलदार ते बघताना शेजारच्या तालुक्याचा विचार करत असावेत.

स्वातंत्र्य आलं आणि या कलेचं लोकशाहीकरण झालं. पूर्वी हात वर करायला पोलीस कमिशनर व्हावं लागे. आता कुणीही करू शकतो. १६ डिसेंबर १९७२. तारीख पाहून ठेवा. कायद्याला त्या दिवशी बरोबर ९६ वर्षं झाली होती. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. ओळीने उभे राहून पाठ फिरवणाऱ्या ब्राह्मणांची एक जिवंत भिंत होती आणि ती मागं काय चाललंय ते झाकत होती. एकोणीस प्रयोग झाले आणि नाटक थांबलं. सरकारने थांबवलं नाही. संस्थेनेच थांबवलं. घरचंच माणूस पोलिसाचं काम करू लागल्यावर सरकारी तिजोरीवर केवढा ताण कमी होतो! कलावंत बाहेर पडले, थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि १९७४ साली नाटक पुन्हा उभं केलं.

आक्षेप काय, तर नाना फडणिसांची बदनामी आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी. आता इतिहासातला घाशीराम बघू. घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडचा, १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल. त्याच्या राज्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर माणूस दिसता कामा नये. दिसला तर चावडीत. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या टोन नावाच्या एका गोऱ्या लष्करी माणसाने लिहून ठेवलंय की पुण्याची शिस्त अशी कडक, की खुद्द पेशव्यालाही अवेळी बाहेर पडल्याबद्दल एकदा रात्रभर अडकवून ठेवलं होतं. टोनने हे कौतुकाने लिहिलं आहे. शिस्तीचं कौतुक करणारे बहुतेक रात्री लवकर झोपणारे असतात. १७९१ च्या ऑगस्टात घाशीरामाच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत कोंडलं, त्यात एकवीस जण गुदमरून मेले, शहर नानांच्या दारात जमलं, आणि घाशीराम लोकांच्या हवाली झाला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. चौदा वर्षं कोतवाल कुणाच्या सहीने कोतवाल होता, हा प्रश्न त्या गर्दीतल्या कुणी विचारल्याची नोंद नाही. नानांचा कारभार पुढे चालू राहिला.

ही गोष्ट लपलेली होती असंही नाही. मोरोबा कान्होबांनी १८६३ सालीच 'घाशीराम कोतवाल' नावाचं पुस्तक छापून मोकळं केलं होतं. तेंडुलकर तर सांगून थकले की मला इतिहास लिहायचा नव्हता. सत्तेवरची माणसं आपल्या सोयीसाठी घाशीराम उभे करतात आणि सोय संपली की गर्दीला देऊन टाकतात, ते दाखवायचं होतं. म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्रात, मुंबईत, मंत्रालयात ज्यांनी हात वर करायचे होते ते नाटक बघून, नाचगाण्याला दाद देऊन, गाडीत बसून घरी गेले. आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मुत्सद्द्याच्या वतीने भलत्यांनीच हात वर केले. रसिकतेत ही मोठी घसरण आहे. कलकत्त्याच्या हॉगसाहेबाला निदान स्वतःचं थोबाड ओळखता येत होतं.

त्याच १९७२ साली तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'ला मात्र जुन्या घराण्यातला वाचक मिळाला. नाटकांना प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने नाटकात बत्तीस ठिकाणी कात्री सुचवली. बत्तीस! सखारामची पुरती बत्तिशीच काढायची, आणि वर त्याला बोल म्हणायचं. लग्नाशिवाय बायका घरात आणून ठेवणारा तो माणूस दारूच्या नशेत खरं बोलतो, हीच मुळात अडचण होती. दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले, जिंकले आणि पुढे 'बाइंडरचे दिवस' लिहून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. माझ्या माहितीत त्या काळातल्या एकाही परीक्षणकर्त्याने तेंडुलकरांच्या नाटकात बत्तीस महत्त्वाच्या जागा मोजून दाखवल्या नव्हत्या.

१८७६ चा तो कायदा संसदेने रद्द केला, २०१८ च्या सुरुवातीला, इतर भंगार कायद्यांबरोबर गाठोडं बांधून. एकशे एक्केचाळीस वर्षं तो पुस्तकात होता. आपण इंग्रजांची टपाल-तिकिटं लगेच बदलली. इंग्रजांचा राग मात्र जपून वापरला. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ १९५४ सालापासून आहे. प्रयोगाआधी संहिता त्यांच्याकडे द्यायची आणि प्रमाणपत्र आणायचं, या पद्धतीविरुद्ध अमोल पालेकर २०१६ साली उच्च न्यायालयात गेले. मला त्यांचं समजत नाही. संहिता कुणीतरी वाचतोय, तर त्यालाही कोर्टात खेचायचं?

लेखकांनीही थोडा व्यवहार बघावा. हल्ली प्रत्येक नाटकाआधी कर्ण्यावरून सांगतात की यातली पात्रं काल्पनिक आहेत, साधर्म्य आढळल्यास योगायोग समजावा. प्रेक्षक तोवर खुर्चीत सैलावून बसलेला असतो, बायकोशी पार्किंगबद्दल बोलत असतो. ही सूचना ऐकली की तो सावरून बसतो. साधर्म्य आहे म्हणता? मग शोधलंच पाहिजे! एवढी जाहिरात चित्रपटाच्या वितरकालाही परवडत नाही.

एक शंका तेवढी राहते. हॉगसाहेब, मुख्याध्यापक, 'कीचकवध' बंद करणारे अधिकारी, ही सगळी भाबडी माणसं होती. त्यांना लागलं की ती ओरडत. ज्यांना लागूनही ओरडायचं नाही हे कळतं, त्यांच्याविषयी लिहायला पुरावा मिळत नाही. एक मात्र आहे. १८५५ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, ग्रहांची भीती घालून त्यांच्या घरातलं किडूकमिडूक उपटणारा जोशी, मधूनमधून टोचून बोलणारा विदूषक, आणि शेवटी नवरा-बायको शाळेची वाट धरतात. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे बक्षिसासाठी दिलं. कमिटीतल्या कुणाही भटसभासदाने उठून "हा जोशी मीच" असं म्हटलं नाही. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. वटहुकूम निघाला नाही, खटला झाला नाही, कात्री लागली नाही. कमिटीने नाटक घेतलं नाही, एवढंच. फुल्यांनी पुढे ते 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलं आहे.

'तृतीय रत्न'वर कुणीही, कधीही बंदी घातलेली नाही. ते छापलं गेलं १९७९ साली.